अर्धी म्हणजे अर्धी

प्रिय अमिता,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नको. पत्राच्या वर तेच लिहायचं असतं, काटोलच्या शाळेत आम्हाला तसंच शिकवलं, म्हणून लिहिलं. तू फोन उचलून नाही राहिली. आधी घंटी तरी जायची, चार दिवसांपासून ती पण जात नाही, म्हणजे तू माझा नंबरच बंद करून टाकला. शाबास! अशी सोय माझ्या वेळी असती तर मी पण कितीतरी जणांची तोंडं बंद केली असती. तर आता वहीची पानं फाडून लिहून राहिली. रामाकोन्याला ओसरीत बसली आहे, बापूजी आत जेवून झोपले आहेत आणि हे बागेत गेले आहेत, संत्र्याची तोड सुरू आहे. मधून उठावं लागलं तर पत्र तुकड्यातुकड्यात होईल, त्याला माझा इलाज नाही.

येत्या रविवारी इथे घरी बैठक आहे, हे गजेंद्रभाऊंनी तुला सांगितलं का नाही मला ठाऊक नाही. नवरा असून ते तुझ्याशी बोलत नाहीत आणि तुझ्या हातचं जेवत पण नाहीत, असं सरलाबाई सांगून राहिल्या. लोधीखेड्यात बसून आपल्या नणंदबाईंना पांढुर्ण्याच्या घरात काय शिजतं ते सगळं कळते. बैठकीत बापूजींनी यापुढे कुणाकडे राहायचं आणि त्यांची सुई कुणी द्यायची, ते ठरणार आहे. ठरणार कसलं, ठरलंच आहे. ते माझ्याकडे राहतील, आणि तू त्यांच्या औषधाला हात लावणार नाही असं तुझ्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून घ्यायचं. शिकलेल्या सुनेनं सासऱ्याला अडीचपट औषध टोचलं, हेच रामाकोन्यापासून सौंसरच्या बस स्टँडपर्यंत लोक बोलून राहिले. तू यायच्या आधी मला तुझ्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. आठ वर्षांचं साठलेलं आहे, तेव्हा दोनवर थांबणार नाही.

तू मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. छिंदवाड्याहून आली आणि आल्या आल्या मला 'भाभी' म्हणायला लागली. मी म्हटलं वहिनी म्हण, तर तू हसून 'हाँ भाभी' म्हटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात मसाल्याचं पाकीट उलटं करून त्याच्यावरची तारीख वाचत उभी. बाप्पा! पंगत बसली आहे, पोळ्या तव्यावर आहेत, आणि नवी नवरी पाकीट वाचून राहिली. मग म्हणे, याची तारीख मागच्या महिन्यात संपली. सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. तुमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, लोक वर्षातून एक दिवस गोटे मारतात आणि मोकळे होतात. तू बाराही महिने मारते, आणि तेही हसतमुखानं. आता तर पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे तुझं नाक आणखी वर गेलं असेल.

तुला प्रत्येक गोष्ट वाचायची असते आणि वाचलं की विचारायचं असते. हे कायचं आहे, हे किती दिवसाचं आहे, हे असं काऊन करता. बापूजी आपल्या दोघींचे सासरे आहेत, तुमच्या एकटीचे नाहीत, असं पण तू एकदा मला ऐकवलं. हाव, आहेत दोघींचे. पण नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पोटात सुई दिली कुणी? दोन वर्षांमागच्या पोळ्याला तू आली होती, मी बापूजींना सुई देऊन टोपी लावून परत डब्यात ठेवली, तर तू सरलाबाईंसमोर विचारलं, भाभी, एक सुई किती दिवस वापरता? चार दिवस वापरायची मी. सगळेच वापरतात. मी म्हटलं, तुला काय करायचं आहे, तुला टोचायची आहे का? सगळे हसले. पण दुसऱ्या दिवसापासून मी रोज नवी सुई काढायला लागली. बोथट सुईनं त्यांच्या पोटावर गाठी यायच्या, त्या महिन्याभरात बसल्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही आणि आजही सांगायचं नव्हतं, लिहिता लिहिता आलं.

मी हे काम कुठून शिकली ते तुला माहीत नाही, कारण तू कधी मला ते विचारलं नाही. जगातलं सगळं विचारते, हे नाही विचारलं. नऊ वर्षांमागे बापूजींच्या पायाचं बोट काळं पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांनी भागत नाही, दोन वेळा इन्सुलिन. हे तर सुई पाहिली की डोळे फिरवतात. गजेंद्रभाऊ तेव्हा नोकरीच्या मागे. मग मी सौंसरला देवकाबाईंकडे तीन दिवस गेली. त्या नर्स होत्या, रिटायर होऊन घरीच असायच्या. जाताना मी बागेतली संत्री घेऊन गेली, भेट म्हणून. देवकाबाईंनी त्यातलंच एक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, टोच. मी टोचलं. तर म्हणे, अवं, संत्र्याला दुखत नाही म्हणून तू भोसकून राहिली, ते बापूजींचं पोट आहे असं समज. दोन दिवस मी संत्र्यांना पाणी टोचत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला आणि मिठाचं पाणी टोचून घेतलं माझ्याकडून. अशी बाई आता मिळायची नाही.

त्यांनी शिकवलं ते मला पाठ आहे. आधी साबणानं हात धुवायचे. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या खणात नाही, आणि थोडी आधी बाहेर काढायची, थंडगार औषध आग करते. गढूळ औषध असलं तर बाटली खळखळ हलवायची नाही, फेस येतो. दोन तळहातांमध्ये पणतीची वात वळावी तशी हळू फिरवायची. वरचं रबर स्पिरिटनं पुसायचं आणि वाळू द्यायचं. जेवढं औषध घ्यायचं तेवढी हवा आधी आत सोडायची, मग बाटली उलटी करून ओढायचं, बुडबुडा राहिला तर नखानं टिचकी मारून वर घालवायचा. बेंबीपासून दोन बोटं दूर, रोज जागा बदलायची. चिमटीत कातडी धरायची, सरळ टोचायचं, हळू सोडायचं आणि दहा मोजल्याशिवाय सुई काढायची नाही. काढल्यावर चोळायचं नाही. टोचलेली सुई जाड झाकणाच्या डब्यात, उकिरड्यावर नाही, तिथे गाय तोंड घालते आणि पोट्टे अनवाणी फिरतात. आणि समोर जेवण तयार असल्याशिवाय सुई भरायचीच नाही. पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, आणि ती त्यांनी मला तिन्ही दिवस म्हणायला लावली. बाटली हातात घेतली की पहिले मोठ्यानं वाचायची. नाव वाच, आकडा वाच, तारीख वाच. मग सुईवरचा आकडा वाच. आणि मग रेघा मोज. औषध रेघांनी मोजतात, सुईनं नाही.

पहिलं वर्ष मी वाचलं. मग सोडलं. आपल्याच देव्हाऱ्यातल्या देवाचं नाव कुणी रोज वाचून पाहते का? तीच बाटली, तेच दुकान, तीच लाल टोपीची सुई. त्या सुईवर चाळीस रेघा, डॉक्टरांनी सांगितलेले सकाळचे वीस युनिट बरोबर मध्ये येतात आणि संध्याकाळचे दहा त्याच्याही अर्ध्यावर. म्हणून बापूजींनीच नाव पाडलं, सकाळची अर्धी आणि संध्याकाळची पाव. शकुन, अर्धी भरली काय वं, असं ओसरीतून ओरडायचे. मी म्हणायची, भरली, या. आमच्या घरात युनिट हा शब्द नऊ वर्षांत कुणी काढला नाही. पाहुणेही विचारायचे, बापूजींची अर्धी झाली का, मग बसू जेवायला. नऊ वर्षांत एकदा त्यांना चक्कर आली नाही, एकदा दवाखान्यात न्यावं लागलं नाही. माझ्या हाताला यश आहे असं अख्खं गाव म्हणायचं. दुसऱ्या कशाबद्दल कुणी मला असं काही म्हटलेलं आठवत नाही.

मग माझी पिशवी काढायचं निघालं. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन, नंतर दोन महिने वजन उचलायचं नाही, उठबस करायची नाही. बापूजींना तुमच्याकडे पाठवावं लागलं. मी त्यांची बॅग भरली. धोतरं, बनियन, चष्मा, थर्मासात बाटली, लाल टोपीच्या सुयांची दोन पाकिटं. सगळं दिलं. कसं द्यायचं, किती द्यायचं, ते मात्र कागदावर लिहून दिलं नाही. बैठकीत सरलाबाई तुला विचारणार आहेत की तू लिहून का मागितलं नाही. तू मागितलं होतं. गाडीत बसता बसता तू म्हटलं होतं, भाभी, एक कागद लिहून द्या. मी म्हटलं, तू तर शिकलेली आहे, तुला काय लिहून द्यायचं, अडलं तर फोन कर. ऑपरेशनची घाई होती असं मी यांना नंतर सांगितलं. घाई कसली, ऑपरेशनला अजून चार दिवस होते. मला वाटत होतं तुला अडावं. रोज सकाळी तुझा फोन यावा आणि तू विचारावं, भाभी, आता काय करू.

फोन आला तो बापूजींचा. आठ दिवसांनी. शकुन, इथं मस्त आहे, म्हणे. अमिता सुई द्यायच्या आधी बाटली वाचून दाखवते, मी हाव म्हटलं का मग टोचते. पुन्हा वाचते कशी, तर पेपर वाचल्यासारखी, नाव, नंबर, तारीख. मला खाटेवर पडल्या पडल्या आग लागली. पोटाला टाके आणि डोक्यात हे. कुणी शिकवलं तुला? कुणीच नाही. मला तीन दिवस सौंसरला जाऊन जे शिकावं लागलं आणि जे मी एका वर्षात सोडून दिलं, ते तू आपल्या मनानं करून राहिली. आणि म्हातारा मला, मला, तुझं कौतुक सांगून राहिला. आता तुला कळलं असेल की मी तुला फोन केला तर पहिले बापूजींना दे असं काऊन म्हणायची.

पाचव्या आठवड्यात तू त्यांना तुमच्या डॉक्टरकडे नेलं. मला न विचारता. त्या डॉक्टरनं दोन वेळची सुई बंद करून सकाळी एकदाच द्यायची नवी बाटली लिहून दिली, वीस युनिट. सुया घरात होत्याच, मी दिलेल्या, म्हणून तू दुसऱ्या घेतल्या नाहीत. मंगळवारी सकाळी तुझा फोन आला. काय बोलणं झालं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. बुधवारी तू दुसऱ्यांदा सुई दिली आणि दुपारी चार वाजता बापूजी खुर्चीत बसल्या बसल्या काहीबाही बोलायला लागले, बनियन पिळून काढावी इतका घाम, आणि मग हाक मारली तरी डोळा उघडेना. तू त्यांच्या तोंडात पाणी घातलं नाही, शेजारणीचं ऐकून कांदा हुंगवत बसली नाही. ऑटो बोलावला आणि बाटली, सुई आणि डॉक्टरचा कागद हातात घेऊन दवाखान्यात गेली. तिथे त्यांना साखरेचं सलाईन लावलं आणि नागपूरला पाठवलं. नऊ दिवस नागपूर. मी टाके सांभाळत तिसऱ्या दिवशी आली. मी आली तेव्हा ते मला ओळखत नव्हते.

नागपूरच्या डॉक्टरनं आपल्या सगळ्यांना बोलावून टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या होत्या, आठवते? जुन्या बाटलीच्या एका सीसीत चाळीस युनिट असतात, म्हणून तिला चाळीस रेघांची लाल टोपीची सुई. नव्या बाटलीच्या एका सीसीत शंभर, म्हणून तिला शंभर रेघांची नारंगी टोपीची. ही नवी बाटली लाल टोपीच्या सुईत वीसच्या रेघेपर्यंत भरली तर वीस जात नाहीत, पन्नास जातात. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं त्यांनी. अर्ध्या सुईत पन्नास! मला तिथेच कळलं. तुला तर आधीच कळलं होतं, तुझं तोंड पांढरंफट पडलं होतं. डॉक्टर हेही म्हणाले की बाई बाटली सोबत घेऊन आली म्हणून लवकर समजलं, नाहीतर म्हातारा गेला असता. ते वाक्य नागपूरहून घरी येईपर्यंत सगळे विसरले. मी नाही विसरली. मग गजेंद्रभाऊ तुझ्यावर ओरडले, अर्धी भरायला कुणी सांगितलं होतं तुला? सगळे तुझ्याकडे पाहून राहिले होते. तू माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, मी तर वीस युनिट सांगितलं होतं.

तू एक शब्द बोलली नाही. काऊन नाही बोलली? आठ वर्षं प्रत्येक पाकिटावरची तारीख चारचौघांत वाचणारी बाई, त्या दिवशी तुझी जीभ कुठे गेली होती? तू ओरडली असती तर मी पण ओरडली असती, तू खोटी का मी खोटी असं भांडण झालं असतं, आणि भांडणात मी तुला कधी हार गेली नाही. तू नुसती पाहत राहिली आणि मग खाली वाकून बापूजींची चादर सारखी केली. तेव्हापासून मला तुझा जितका राग आहे तितका आधी कधीच नव्हता. भैताड बाई! स्वतःचं घर मोडेपर्यंत गप्प बसायचं असते का?

मधे उठली होती. बापूजी जागे झाले. त्यांना धरून बाहेर आणलं, चहा पाजला, परत लिहायला बसली. डावा पाय ओढत चालतात. यांना सुखदेव म्हणून हाक मारतात; सुखदेव म्हणजे त्यांचा भाऊ, वारून वीस वर्षं झाली. जेवले का नाही ते आठवत नाही, दोनदा मागतात. हे सगळं मला चालते, मी करते. पण सकाळच्या सुईचं सांगते. आता नागपूरच्या डॉक्टरनं तीच नवी बाटली बारा युनिटवर ठेवली आहे, नारंगी टोपीची सुई, बारा रेघा. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी भरून आणली आणि म्हटलं, बापूजी, सदरा वर करा. त्यांनी सदरा खाली ओढून दोन्ही हातांनी धरून ठेवला. म्हणाले, वाच. मला वाटलं पेपर मागतात. मी पेपर आणला. त्यांनी तो बाजूला सारला आणि बाटलीकडे बोट दाखवलं, वाच. यांचं नाव विसरले, माझं विसरले, पण हे नाही विसरले. मी त्यांचाच चष्मा लावून अक्षर अक्षर लावत वाचलं. नाव वाचलं, तारीख वाचली. तरी सदरा सोडेनात. म्हणे, नंबर? मी म्हटलं, शंभर. सुईचा? शंभर. किती? बारा. मग म्हणाले, हाव, आणि सदरा वर केला. रोज असंच चालते. मी रोज शंभर म्हणते. काल सुई टोचायच्या आधी मला इतकं रडू आलं की यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, टाके दुखून राहिले.

आता हे पत्र कायले लिहिलं ते सांगते. रविवारी तू ये. घाबरून घरी बसू नको. सगळे बसले की हे शेवटचं पान काढ आणि मोठ्यानं वाच. आधीची पानं वाचू नको, ती तुझी-माझी आहेत. मी शकुंतला, गुणवंताची बायको, राहणार रामाकोना, लिहून देते की त्या मंगळवारी सकाळी अमितानं मला दोन वेळा फोन केला. पहिल्या वेळी म्हणाली, भाभी, नव्या बाटलीवर शंभर लिहून आहे आणि सुईवर चाळीस लिहून आहे, हे जुळत नाही, तर किती भरू? मी म्हटलं, अर्धी. ती म्हणाली, मी डॉक्टरांना विचारून घेते, ते संध्याकाळी बसतात. मी म्हटलं, तोवर सासऱ्याला बिनसुईचं ठेव, नऊ वर्षं मी दिली तेव्हा कुणाला विचारायला गेली नाही. तिनं पाच मिनिटांनी परत फोन केला आणि परत तेच विचारलं. मी म्हटलं, बाटली नवी असो का जुनी, अर्धी म्हणजे अर्धी, आणि फोन ठेवून दिला. वीस हा शब्द मी काढलाच नव्हता. तिनं मला शंभर म्हटलेलं मी दोन्ही वेळा ऐकलं होतं. नागपूरला सगळ्यांसमोर मी खोटं बोलली. बापूजींचं जे झालं ते माझ्या सांगण्यानं झालं. ते अमिताकडे राहतील आणि त्यांची सुई तीच देईल, असं माझं म्हणणं आहे. गजेंद्रभाऊंनी तिच्या हातचं जेवावं. सही, शकुंतला. एवढं वाच. तुझी चूक मी यात लिहिली नाही, ती तुला सांगते: आठ वर्षांत तू माझं एकदा ऐकलं, आणि ते हेच. बैठकीत मी स्वतः उठून का बोलत नाही, असं तुला वाटेल. यांना सांगायला मी तीनदा गेली आणि तिन्ही वेळा तोंडातून दुसरंच निघालं. रविवारी चार लोकांसमोर उभी राहिली तर मी परत वीसच म्हणेन, मी मला ओळखते. मी म्हणायला लागली तर थांबू नको, माझ्याकडे पाहू नको, तू वाचत राहा.

तुझीच म्हणायला जीभ वळत नाही, पण जाऊ तर तुझीच,
शकुंतला